स्टेशनबाहेरचं वाय-पी नेमकं कोणतं? एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका स्टेशनच्या आवारात, रिक्षास्टँडच्या शेजारी, चौथऱ्यावर मीटरगेजचं, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांवर चालणारं, वाफेचं एक वाय-पी इंजिन उभं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम गाळलं आहे. इंजिनांच्या क्रमांकांऐवजी अ, ब आणि क अशी अक्षरं वापरली आहेत, कारण क्रमांक छापले तर रेल्वेवेडी मंडळी पाच मिनिटांत स्टेशन ओळखतील, आणि यातल्या काही जणांना अजून त्याच हद्दीत नोकरी करायची आहे.

वाय म्हणजे मीटरगेज, पी म्हणजे पॅसेंजर. पुढे चार छोटी चाकं, मध्ये सहा मोठी, मागे दोन. पहिली २० वाय-पी इंजिनं १९४९ साली अमेरिकेतल्या बाल्डविनच्या कारखान्यातून आली. पुढची ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिशने आणि म्युनिकच्या क्राउस-माफायने बांधली, आणि सर्वांत जास्त, म्हणजे ५५१, जमशेदपूरच्या टेल्कोने. १९७० पर्यंत एकूण ८७१ झाली, क्रमांक २००० ते २८७०. हलक्या रुळांवरही चालेल इतकाच भार प्रत्येक आसावर, मोठ्या चाकाचा व्यास साडेचार फूट. मीटरगेजवरच्या एक्सप्रेस गाड्यांसाठी हे इंजिन जणू मापून शिवलं होतं.

मराठवाड्याला त्याचं वेगळं अप्रूप आहे. मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड करत सिकंदराबादकडे जाणारी ही लाइन निजामाच्या काळात, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे म्हणून पडली. १९५१ साली निजाम स्टेट रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली आणि १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे निघाल्यावर हा पट्टा तिच्याकडे गेला. मनमाड ते काचीगुडा धावणारी अजिंठा एक्सप्रेस ज्यांनी पाहिली आहे ते आजही तिच्याविषयी घरच्या माणसासारखं बोलतात. १९९२ नंतर सगळे रूळ एकाच मापाचे करण्याच्या, म्हणजे युनिगेजच्या, कामात एकेक तुकडा रुंद रुळांचा, ब्रॉडगेज, झाला, इंजिनं ठेवायची आणि दुरुस्त करायची शेडं बंद पडली, इंजिनं भंगारात गेली. जी मोजकी उरली ती चौथऱ्यांवर चढली.

या प्रकरणातले मुख्य गृहस्थ औषधांचं दुकान चालवतात. सगळे त्यांना काका म्हणतात. वडील गार्ड होते, बालपण लोकोशेडला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये गेलं. त्यांच्याकडे जुनी वर्किंग टाइमटेबलं, सावधानतेच्या सूचनांचे कागद, शेडमधले फोटो असं बरंच काही आहे, आणि ते सगळं खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या खोक्यांत, वर्षवार, स्केचपेनने नाव घालून ठेवलेलं आहे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते एखादं खोकं उघडून बसतात. वाफेच्या इंजिनाची शिट्टी ऐकून ड्रायव्हर कोण ते सांगणारी माणसं एकेकाळी रेल्वे कॉलनीत होती. काका त्यातले शेवटच्या काहींपैकी एक.

मी पुण्याचा. राज्यात जिथे जिथे वाफेचं इंजिन जतन केलेलं आहे त्याची नोंद ठेवणाऱ्या एका छोट्या गटात आहे. काकांशी ओळख त्यातूनच झाली.

अडचण

काही वर्षांपूर्वी स्टेशनच्या सुशोभीकरणाचं काम निघालं. त्यात चौथऱ्यावरच्या इंजिनाला नवा रंग द्यायचा होता. एका पाहुण्यांच्या दौऱ्याची तारीख ठरली होती आणि काम त्याआधी व्हायला हवं होतं. काकांनी सकाळी दुकान उघडायला जाताना पाहिलं तर कंत्राटदाराची माणसं टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागे जोडलेल्या पाणी-कोळशाच्या डब्याच्या, एका बाजूला ग्राइंडर लावून जुना रंग खरवडत होती.

रंग देणं ही तक्रारीची गोष्ट नव्हतीच. इंजिन गंजत होतं, रंग हवाच होता. अडचण दोन गोष्टींची होती. पहिली म्हणजे ग्राइंडर. वाफेच्या इंजिनाच्या अंगावर जे काही लिहिलेलं असतं ते रंगाच्या थरांत आणि लोखंडावर ठोकलेल्या बारीक आकड्यांत असतं, आणि ग्राइंडरची चकती दोन्ही घालवते. दुसरी अडचण जुनी होती. कॅबवर, म्हणजे ड्रायव्हरच्या खोलीवर, रंगवलेला क्रमांक अ हा खरा नाही, असा काकांना फार पूर्वीपासून संशय होता. १९८० च्या दशकात भारतात वाफेची इंजिनं पाहायला येणाऱ्या एका परदेशी पाहुण्याने पाठवलेला फोटो त्यांच्याकडे होता. त्यात एका दुसऱ्याच शेडच्या मागे, बाद झालेल्या इंजिनांच्या रांगेत, अ क्रमांकाचं इंजिन उभं होतं. त्याला टेंडर नव्हतं. बाद होऊन भंगाराच्या रांगेत लागलेलं इंजिन पुढे या स्टेशनच्या चौथऱ्यावर कसं आलं?

पितळी पाट्या असत्या तर प्रश्न चुटकीसरशी सुटला असता. पण कारखान्याची पाटी आणि क्रमांकाची पाटी, दोन्ही कधीच गेल्या होत्या. जागेवर फक्त बोल्टची भोकं शिल्लक होती. देशभरातल्या चौथऱ्यांवरच्या इंजिनांची हीच कहाणी आहे.

समोर असलेले पर्याय

त्या दिवशी संध्याकाळी दुकानात, आणि फोनवरून आम्हा पुणेकरांमध्ये, बरीच चर्चा झाली. वरच्या कार्यालयात लेखी तक्रार करून काम थांबवायचं, असा एक विचार होता. त्याने काम थांबलंही असतं कदाचित, पण तारीख चुकल्याचा ठपका स्थानिक अभियंत्यांवर आला असता आणि पुढे त्या आवारात आम्हाला कुणी उभं केलं नसतं. गटातल्या तरुण मुलांना समाजमाध्यमांवर व्हिडिओ टाकून आवाज उठवायचा होता. काहीच न करता रंग झाल्यावर शांतपणे नोंदी कराव्यात, असंही एकाने सुचवलं. पण जाड एनॅमलच्या तीन थरांखालून आकडे वाचायचे म्हणजे पुन्हा रंग काढणं आलं, आणि नव्या रंगाला हात लावायची परवानगी कोण देणार?

निर्णय होण्याआधीच एका मुलाने व्हिडिओ टाकला. त्यात ग्राइंडरचा आवाज, उडणाऱ्या ठिणग्या आणि कंत्राटदाराविषयी चार कडक शब्द होते. रात्रीत तो बराच फिरला. परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसला: इंजिनाभोवती दोरी बांधली गेली, परवानगीशिवाय फोटो काढू नयेत अशी तोंडी ताकीद मिळाली, आणि मुकादमाने काम लवकर आटपावं म्हणून आणखी दोन माणसं लावली. मुलाचा हेतू चांगला होता, रागही खरा होता. पण ज्या माणसाच्या हातात ग्राइंडर आहे त्यालाच आपण जगासमोर उभा केला, आणि त्याला घाईला लावलं.

पहिला निर्णय: थांबवायचं की क्रम बदलायचा

इथे काकांनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं. ते रेल्वेच्या स्थानिक साहेबांना भेटायला गेले ते एक खोकं घेऊन. तक्रारीचा कागद नेला नाही. खोक्यात त्यांच्या वडिलांच्या काळातले शेडचे फोटो होते. त्यातल्या एका फोटोत इंजिनाच्या समोर सगळा स्टाफ रांगेत उभा आहे, फोरमन मध्ये खुर्चीवर, मदतनीस खलाशी पोरं जमिनीवर मांडी घालून. साहेब तरुण होते, डिझेल आणि इलेक्ट्रिकच्या जमान्यात नोकरीला लागलेले. त्यांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे आपलंच शेड?"

मग काकांनी मागणी ठेवली. काम थांबवा असं ते म्हणालेच नाहीत. "साहेब, बॉयलर आणि कॅब आधी रंगवून घ्या. चाकं आणि त्यांना जोडलेले रॉड शेवटी घ्या. तेवढ्या दिवसांत आम्ही रॉडवरचे आकडे वाचून घेतो. तुमच्या तारखेला काही होणार नाही." यात साहेबांचं काहीच जात नव्हतं. चाकांचं काम तसंही शेवटी करायचं होतं. त्यांनी मुकादमाला बोलावून सांगितलं आणि आम्हाला आत जायचा कागद दिला. दोरी राहिली, पण आमच्यासाठी ती उचलली गेली.

त्या भेटीत एक गोष्ट राहून गेली. टेंडरचा विषय निघालाच नाही. सगळ्यांचं लक्ष इंजिनावर होतं.

दुसरा निर्णय: आकडे वाचणार कोण आणि कसे

आकडे असतात हे आम्हाला माहीत होतं. नेमके कुठे असतात हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. तेव्हा काकांना शेडमधल्या एका निवृत्त फिटरची आठवण झाली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. घर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. ते आले, चष्मा पुसला, इंजिनाला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "शेठ, रंगातला नंबर बघू नका. रंग कुणी पण लावतो. रॉडला बघा, रॉडवर ठोकलेला नंबर कुणी उगाच ठोकत नाही."

मोठ्या दुरुस्तीसाठी इंजिन वर्कशॉपमध्ये गेलं की ते संपूर्ण उघडतात. रॉड, क्रॉसहेड, व्हॉल्व्ह गिअरचे भाग सुटे होतात आणि अनेक इंजिनांचे भाग एकाच छपराखाली पडलेले असतात. प्रत्येक भाग आपल्याच इंजिनावर परत जावा म्हणून त्यावर पंचाने इंजिनाचा क्रमांक आणि डावी-उजवी बाजू ठोकलेली असते. शेवटच्या वर्षांत मात्र नवे भाग मिळणं बंद झालं. मग शेडवाले बाद झालेल्या इंजिनाचा चांगला रॉड काढून चालत्या इंजिनाला लावत. त्यामुळे एकाच इंजिनावर दोन-तीन क्रमांक सापडणं यात काही गूढ नाही. तो त्या काळातल्या टंचाईचा आणि शेडच्या जिद्दीचा हिशेब आहे.

वाचायची पद्धत ठरवायला मेकॅनिकलला शिकणारी एक विद्यार्थिनी उपयोगी पडली. सँडपेपर नको, वायरब्रश नको, असं तिचं म्हणणं होतं. ठोकलेल्या आकड्याची कड एकदा घासली गेली की पुन्हा मिळत नाही. तळहाताएवढ्या जागेवर रंग काढायचं द्रावण लावायचं, थांबायचं, लाकडी पट्टीने रंगाचा फुगलेला पापुद्रा सोडवायचा, रॉकेलच्या चिंधीने पुसायचं. मग खडू आडवा धरून त्यावरून हलकेच फिरवायचा. सपाट लोखंड पांढरं होतं आणि आकड्यांच्या खाचा काळ्या राहतात. शेवटी कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्यायचा आणि कागदावर जागा, बाजू, तारीख लिहायची.

मोठी चाकं एकमेकांना जोडणाऱ्या उजव्या कपलिंग रॉडच्या पुढच्या टोकाला पहिला क्रमांक उमटला तेव्हाचं मला स्पष्ट आठवतं. आकडे एका रेषेत नव्हते, दुसरा जरा खाली घसरलेला, शेवटचा तिरका. हातोडीचा घाव आणि पंच धरणारा हात, दोन्ही त्यात दिसत होतं. शेवटचा आकडा ३ की ८ यावर आमचा वाद झाला. विद्यार्थिनीने मोबाइलचा दिवा एका बाजूने तिरपा धरला, तरी ठरेना. चाचांनी अंगठ्याचं नख त्या खाचेत फिरवलं. "आठ आहे. इथून वळतंय बघा." तिनेही नख फिरवून पाहिलं आणि कागदावर आठ लिहिलं. नंतर दुसऱ्या रॉडवर तोच क्रमांक स्वच्छ मिळाला. आठच होता.

जे सापडलं

उजव्या बाजूचे सगळे रॉड ब क्रमांकाचे निघाले. डाव्या बाजूचे कपलिंग रॉडही ब. सिलिंडरजवळ फ्रेमच्या सपाट भागावर ठोकलेला क्रमांकही ब. मात्र सिलिंडरचा जोर चाकांपर्यंत नेणारा डाव्या बाजूचा कनेक्टिंग रॉड आणि त्याचा क्रॉसहेड क क्रमांकाचा होता. कॅबवरच्या अ चा पूर्ण इंजिनावर कुठेही मागमूस नव्हता.

मग अ आला कुठून? याचं उत्तर टेंडरने दिलं. टेंडरच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीवर, जुन्या रंगाच्या खाली अ क्रमांक होता. इंजिनाचा क्रमांक टेंडरच्या पाठीवरही रंगवायची पद्धत असते. आमचा निष्कर्ष असा: अ बाद झाल्यावर त्याचं टेंडर ब ला लागलं, आणि काकांच्या फोटोतलं इंजिन टेंडरशिवाय उभं होतं ते त्यामुळेच. पुढे ब चौथऱ्यावर चढवताना पितळी पाट्या आधीच नाहीशा झालेल्या, कॅबवरचा रंग उडालेला. रंगाऱ्याला जो क्रमांक दिसला तो टेंडरच्या पाठीवरचा. त्याने तोच कॅबवर उतरवला. तिथून तो कागदपत्रांत गेला.

क विषयी चाचांच्या घरात पुरावा निघाला. ते खिशातल्या छोट्या डायऱ्यांत दिवसाचं काम लिहून ठेवत. १९८८ च्या डायरीत एका पानावर ब च्या डाव्या बाजूच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचं बेअरिंग वारंवार गरम होत असल्याची नोंद होती आणि पुढच्याच आठवड्यात "क चा डावा मोठा रॉड ब ला" अशी एक ओळ. ओव्हरटाइमचे तास शेजारी लिहिलेले. कुणासाठी, कशासाठी जपलं, असं विचारलं तर म्हणाले, "हिशेबासाठी. तास बरोबर लागले पाहिजेत ना."

आणि एक गोष्ट हातची गेली. टेंडरच्या डाव्या कुशीवर पहिल्याच दिवशी ग्राइंडर फिरला होता. उजव्या कुशीचा काही भाग उरला होता. तिथे तिरप्या उजेडात रंगाच्या थरांखाली अक्षरांच्या कडा दिसत होत्या: वरच्या थरात दक्षिण मध्यची अक्षरं आणि त्याच्या खाली, अर्धवट, म.रे. ही अक्षरं. म्हणजे हे टेंडर १९६६ च्या आधीचं, ही लाइन मध्य रेल्वेत असतानाचा रंग अंगावर घेऊन उभं होतं. आम्ही मोठ्या कॅमेऱ्याने नीट फोटो घ्यायचे म्हणून दुसऱ्या दिवसावर ठेवलं. सकाळी गेलो तेव्हा तोही पत्रा चकाकत होता. मुकादमाने सांगितल्याप्रमाणे रॉड सोडले होते. टेंडरबद्दल त्याला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. हाती राहिले ते मोबाइलवर घाईत घेतलेले दोन फोटो, त्यातला एक हललेला.

तिसरा निर्णय: कॅबवर कोणता क्रमांक लिहायचा

यावर खरा वाद झाला, आणि तो आमच्या आमच्यातच.

काकांचं म्हणणं ब लिहा. फ्रेम ब ची, बहुतेक रॉड ब चे. खोटा क्रमांक अंगावर घेऊन इंजिनाने किती वर्षं उभं राहायचं? चाचा त्यांच्या बाजूने होते. "फ्रेम ज्याची, नाव त्याचं. बाकीचं सगळं बदलत असतं. बॉयलर बदलतो, टेंडर बदलतं." इंग्लंडमधल्या फ्लाइंग स्कॉट्समनचं उदाहरण इथे लागू पडतं. १९२३ साली डॉनकास्टरला बांधलेल्या त्या इंजिनाचा बॉयलर अनेकदा बदलला गेला, तरी ते इंजिन तेच मानलं जातं.

साहेबांची अडचण निराळी होती. त्यांच्या मालमत्तेच्या नोंदीत अ हाच क्रमांक होता. कॅबवर ब लिहिला तर कागदावरचं अ क्रमांकाचं इंजिन गहाळ ठरतं आणि ब नावाचं एक बेहिशेबी इंजिन आवारात उभं आहे असं होतं. नोंद दुरुस्त करायची तर फाइल वर जाणार, आणि तारीख जवळ आलेली.

विद्यार्थिनीचं मत कॅबवर क्रमांकच नको असं होतं. मला ते पटलं नाही; क्रमांक नसलेलं वाय-पी पाहणाऱ्याला काहीच सांगत नाही.

माझं मत असं होतं की कॅबवर सध्या अ राहू द्यावा, पण शेजारच्या फलकावर सगळी हकिगत लिहावी आणि ज्या जागी आकडे सापडले त्या जागा रंगाशिवाय उघड्या ठेवाव्यात, म्हणजे ज्याला खात्री करायची त्याने स्वतः करावी. काका सुरुवातीला नाराज झाले. "म्हणजे खोटं तसंच ठेवायचं?" त्यांचा प्रश्न रास्त होता. पण नंतर त्यांनीच एक मुद्दा काढला ज्याने मार्ग मोकळा झाला: टेंडर खरंच अ चं आहे, मग टेंडरवर अ हवाच. म्हणजे क्रमांक पुसायचा नाही, योग्य जागी न्यायचा.

ठरलं ते असं. टेंडरच्या पाठीवर अ कायम. कॅबवर तूर्त अ, आणि नोंद दुरुस्तीचा अर्ज काकांनी ठशांच्या प्रतींसह द्यायचा. तो मंजूर झाला की कॅबवर ब. साहेबांनी अर्ज स्वीकारून त्यावर आवक क्रमांक घालून दिला, आणि फाइलमध्ये एक पानी टिपण जोडलं की आकड्यांच्या जागा रंगवू नयेत.

रंग आणि अॅस्बेस्टॉस

रंगाबद्दल आराखड्यात निळा बॉयलर आणि लाल चाकं होती. काका काळ्यावर ठाम होते. चाचांनी सांगितलं की एक्सप्रेसची इंजिनं शेडमध्ये हौसेने सजवली जायची, पुढच्या दारावर ताऱ्याची खूण, पितळी पट्ट्या, चाकांच्या कडांना पांढरा रंग, आणि हे सगळं स्टाफ स्वतःच्या पैशाने करायचा. त्यामुळे निव्वळ काळं म्हणजेच अस्सल हेही तितकंसं खरं नाही. शेवटी बॉयलर काळा, चाकांच्या कडा पांढऱ्या, दारावर तारा. या सजावटीचा खर्च काकांनी आणि चार दुकानदारांनी केला.

दुसरी बाब जास्त गंभीर. बॉयलरच्या बाहेरच्या पत्र्याला एका ठिकाणी भोक पडलं होतं आणि मुकादमाला तो तुकडा कापून नवा लावायचा होता. पत्रा आणि बॉयलर यांच्यामध्ये उष्णता राखायला भरलेला जो लेप असतो तो त्या काळात अॅस्बेस्टॉसचा असायचा. "आम्ही ते पाण्यात कालवून हातानंच थापायचो," चाचा सहज म्हणाले. कापताना त्याची धूळ उडाली असती तर कामगारांच्या फुप्फुसात गेली असती. इथे मात्र कुणी चर्चा केली नाही. साहेबांनी पत्रा उघडायला जागच्या जागी मनाई केली आणि भोकावर वरून पट्टी लावून कडा बंद केल्या.

परिणाम

इंजिन तारखेच्या आत तयार झालं. फलक नंतर लागला. त्यावर इंजिनाचा प्रकार, फ्रेम ब ची, डावा कनेक्टिंग रॉड क चा, टेंडर अ चं, हे सगळं साध्या मराठीत आहे. उघड्या ठेवलेल्या चार जागांवर पारदर्शक लाखेचा थर दिला होता. एका पावसाळ्यातच लाखेखाली गंज धरला, तेव्हा चाचांच्या सांगण्यावरून लाख काढून ग्रीस लावलं. आता दर दिवाळीआधी जुनं ग्रीस पुसून नवं लावलं जातं. शाळेची मुलं आली की विद्यार्थिनी, जी आता नोकरीला लागली आहे पण सुटीत येते, त्यांना खडू देते आणि रॉडवर फिरवायला लावते. आकडे उमटले की पोरं ओरडतात.

साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांच्या काळात वार्षिक रंगकाम निघालं आणि रंगारी थेट रॉडवर ब्रश घेऊन पोहोचले, पण फाइलमधलं ते एक पानी टिपण कारकुनाला आठवलं आणि जागा वाचल्या. नोंद दुरुस्तीचा अर्ज मंजूर व्हायला बराच काळ गेला. मंजूर झाल्यावर कॅबवर ब लिहिला गेला. तो क्रमांक रंगवताना काका दुकान बंद ठेवून दिवसभर तिथे उभे होते.

काय वेगळं करता आलं असतं

व्हिडिओ आधी गेला आणि भेट नंतर झाली, हा क्रम उलटा हवा होता. साहेब मुळात विरोधात नव्हतेच. त्यांना त्या इंजिनाविषयी काही माहीत नव्हतं एवढंच. व्हिडिओमुळे जी घाई झाली त्याच घाईत टेंडरची उजवी कूस गेली.

टेंडरकडे गटाचं जे दुर्लक्ष झालं ते तपासून पाहण्यासारखं आहे. आपल्याला जे आवडतं तिकडे आपण आधी धावतो. रॉड, चाकं, कॅब, शिट्टी. टेंडर म्हणजे मागचं पाणी-कोळशाचं डबडं, त्याचे फोटोसुद्धा कमी निघतात. वास्तविक त्या वेळी ग्राइंडर टेंडरवर होता. जिथे नुकसान चालू आहे तिथे पहिला कॅमेरा जायला हवा होता, आणि जो मिळेल तो कॅमेरा चालला असता. आमच्या गटाच्या नोंदपत्रकात आता टेंडरच्या चारही बाजूंचे तिरप्या उजेडातले फोटो हा पहिला रकाना आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत लागते. चाचा त्याच गावात, निवृत्तीनंतर इतकी वर्षं, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर राहत होते. गावातल्या ड्रायव्हरांच्या मुलाखती आमच्या गटातल्या लोकांनी घेतलेल्या होत्या, काही तर दोनदा. फिटर, बॉयलरमेकर, खलाशी, कोळसा भरणाऱ्या बाया यांच्याकडे कुणी गेलं नव्हतं. वाफेच्या इंजिनावर प्रेम करणाऱ्यांची नजर फूटप्लेटवरच, म्हणजे ड्रायव्हर उभा असतो त्या जागेवरच, जाते, कारण वेग तिथे आहे. इंजिन रात्री शेडमध्ये कुणी उघडलं, कुणी बंद केलं, कोणता भाग कुठून आणला, ते ज्यांना ठाऊक आहे ती माणसं वयाने ड्रायव्हरांइतकीच थकली आहेत. चाचांच्या डायऱ्या आता स्कॅन झाल्या आहेत. त्यांतून शेडमधल्या आणखी तेरा जणांची नावं मिळाली. जे हयात आहेत त्यांच्याकडे जाणं सुरू आहे.

आणि तोंडी कबुलीवर विसंबणं चुकीचं होतं. रॉड सोडा हे साहेबांनी मुकादमाला तोंडी सांगितलं, त्याने ते पाळलं. पण काय काय सोडायचं याचा कागद आणि इंजिनाच्या रेखाचित्रावर लाल पेनाने केलेल्या खुणा त्याच्या हातात असत्या, तर टेंडर त्यात आलं असतं. पुढच्या कामासाठी असं रेखाचित्र आम्ही तयार करून दिलं आहे, कामगारांना कळेल असं मराठी आणि हिंदी दोन्हींत.

बॉयलरचा पत्रा अजून तसाच आहे. पट्टी लावलेल्या जागेच्या खाली पुन्हा गंज दिसू लागला आहे. अॅस्बेस्टॉस काढणारी प्रशिक्षित माणसं बोलावून पूर्ण लेप काढायचा, की बाहेरून बंद करून वर छप्पर घालायचं, यावर नव्या साहेबांशी बोलणी चालू आहेत. लेप काढला तर बॉयलरवरचा क्रमांकही वाचता येईल. छप्पर स्वस्त पडेल आणि कुणाच्या फुप्फुसाला धोका नाही. काका छपराच्या बाजूने आहेत.